सिग्मा आणि पाय: एकाच रेणूतले दोन बंध

वाशीच्या फळबाजारात हापूस पिकत असतो, तेव्हा फळातून इथिलीन वायू बाहेर पडत असतो. बारावीच्या मुलांना सहसंयुज बंध, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारे बंध, मी याच रेणूवरून शिकवते. त्यात दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले आणि प्रत्येकाला दोन हायड्रोजन: पाच सिग्मा बंध आहेत, पाय मात्र एकच.

सिग्मात ऑर्बिटल, म्हणजे अणूतली इलेक्ट्रॉन वावरण्याची जागा, समोरासमोर भिडतात. इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांमधल्या रेषेवरच दाटतात, म्हणून पकड घट्ट. पायमध्ये पी-ऑर्बिटल कडेकडेने एकमेकांवर येतात आणि इलेक्ट्रॉन त्या रेषेच्या वर-खाली पसरतात. कार्बन-कार्बन एकेरी बंध (नुसता सिग्मा) तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल लागतात, दुहेरीला (सिग्मा आणि पाय) सुमारे ६१४. दुप्पट नाही, हे मुलांनी स्वतः वजाबाकी करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पाय कमजोर, म्हणूनच इथिलीनच्या बहुतेक अभिक्रिया त्याच्यावरच घडतात. ब्रोमीनच्या पाण्याचा तांबूस रंग जातो, कारण पाय तुटतो. सिग्मा जागेवर राहतो. शिवाय पायमुळे दोन्ही कार्बन एकमेकांभोवती मोकळे फिरू शकत नाहीत. इथेनमध्ये नुसते सिग्मा, तिथे ते सहज फिरतात. सिस-ट्रान्स भेदाचं, म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन टोकांचे गट एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना या फरकाचं, मूळ हेच.

मोजताना दोन अणूंमधला पहिला बंध सिग्मा, त्यावरचे पाय.