आमदार निधीचा हिशोब माहिती अधिकारातून मागवण्याची सोय : ५ पैकी साडेतीन स्टार

आपल्याकडे आमदाराचं काम मोजतात कशावर तर किती भूमिपूजनं झाली, किती फलक लागले आणि दहाव्या-तेराव्याला आला होता का यावर. पैसे किती आले कुठे गेले आणि जेवढे गेले तेवढं काम जमिनीवर आहे का हे फार कमी लोक बघतात, आणि ते बघायची सोय तर २००५ पासून माहिती अधिकार कायद्याने आहे. मी ती वापरतोय, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी रक्कम बघा म्हणजे हे का महत्त्वाचं ते कळेल. महाराष्ट्रात आमदार स्थानिक विकास निधी २०२० ला २ कोटीचा ३ कोटी झाला, २०२१ ला ४ आणि २०२२ च्या बजेट अधिवेशनात ५ कोटी. म्हणजे एका आमदाराच्या हातात एका टर्मला २५ कोटी, आणि विधानसभेचे २८८ धरले तर वर्षाला १,४४० कोटी. यातला एक रुपयाही आमदाराच्या खात्यात येत नाही बरं का, तो फक्त काम सुचवतो, मान्यता कलेक्टर ऑफिसातून मिळते आणि काम करतं बांधकाम खातं, जिल्हा परिषद नाहीतर नगरपालिका. त्यामुळे आमदाराच्या बंगल्यावर जाऊन हिशोब मागून उपयोग नाही, अर्ज टाकायचा तो जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने. चुकीच्या ऑफिसला गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसात पुढे पाठवायचा असतो, ते तुम्हाला "इथे नाही तिकडे जा" म्हणू शकत नाहीत.

खर्च काय तर १० रुपये. हाताने देणार असाल तर जोडपत्र 'अ' चा नमुना भरायचा आणि १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, नाहीतर राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर मोबाईलवरून पैसे भरून पाठवायचा. झेरॉक्स पानाला २ रुपये. एवढ्या स्वस्तात सरकारी फाईल दुसरीकडे कुठे बघायला मिळणारे सांगा. अट एकच, महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे राग लिहायला जागा नाही, फक्त कागदांची नावं लिहा.

आणि खरी गंमत त्या नावांतच आहे. "अमुक आमदारांनी काय काय कामं केली" असं विचाराल तर एक गोल गोल यादी येईल आणि विषय संपेल. त्याऐवजी एक काम पकडा आणि त्याची प्रशासकीय मान्यता, इस्टिमेट, वर्क ऑर्डर, बिलं आणि मोजमाप पुस्तिका, जिला ऑफिसात सगळे एमबी म्हणतात, तिची प्रत मागा. एमबी सगळ्यात महत्त्वाची, कारण साइटवर इंजिनियरने काय मोजलं ते त्यात लांबी रुंदी जाडी करून लिहिलेलं असतं आणि बिल त्यावरच निघतं.

आमच्या भागात एका सभामंडपापुढे पेव्हर ब्लॉक बसवले होते. इस्टिमेटमध्ये ब्लॉक ८० मिमी जाडीचा, एमबीत रुंदी ४ मीटर. आम्ही दोघातिघांनी टेप लावला तर रुंदी साडेतीनच्या आतच, आणि कडेचा एक सुटा ब्लॉक उचलून मोजला तो ६० मिमी. फोटो, एमबीची प्रत आणि एक साधा अर्ज असं संबंधित ऑफिसला दिलं. शेवटचं बिल अजून निघालं नव्हतं म्हणून परत मोजणी झाली आणि रक्कम कमी झाली. कोणी आरडाओरडा केला नाही, आंदोलन नाही काही नाही. लोकांना माहीत नसतं पण कलम २ मध्ये कामाची पाहणी करायचा आणि मालाचा नमुना घ्यायचा पण हक्क दिलाय, तो अर्जात स्पष्ट मागा. फाईल स्वतः जाऊन बघायची असेल तर पहिल्या तासाला फी पण नाही.

दीड स्टार का कापला ते सांगतो. ३० दिवसात उत्तर यायला हवं पण बऱ्याचदा येतं ते अर्धवट, "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" वगैरे. मग २० रुपये भरून पहिलं अपील, ते त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडे, आणि तिथेही नाही झालं तर राज्य माहिती आयोग, आणि तिथली रांग एवढी मोठी आहे की सुनावणी लागेपर्यंत रस्ता उखडून परत नवीन झालेला असतो. कायद्यात अधिकाऱ्याला दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, पण दंड लावला तरच त्याची भीती राहणार ना.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती माहिती अधिकाराने भरून निघत नाही. निधी हा आमदाराच्या कामाचा छोटा तुकडा आहे, मोठा पैसा सभागृहात मंजूर होतो. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर लागणाऱ्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या होत्या. अशा मागण्या बहुतेक वेळा आवाजी मतदानाने पास होतात, म्हणजे तुमचा आमदार हो म्हणाला, नाही म्हणाला की चहा प्यायला बाहेर होता याची नोंदच राहत नाही. सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्या कॅगचा अहवाल बऱ्याचदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, त्यावर चर्चेला वेळच उरत नाही. आणि खर्च तपासणाऱ्या समित्यांबद्दल काय बोलायचं, मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्यात दौऱ्यावर असताना तिथल्या सरकारी विश्रामगृहाच्या खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण आपल्या वतीने हिशोब तपासायला आपण यांनाच पाठवलेलं असतं.

आमदाराने विचारलेले तारांकित प्रश्न (ज्यांचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असतं) आणि भाषणं मात्र विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीत असतात, ती नक्की बघा, निधीचे कागद आणि ते प्रश्न शेजारी ठेवले की माणूस कळतो. आपल्याच तालुक्याच्या अर्धवट पुलावर पाच वर्षांत एकही प्रश्न नाही आणि निधी मात्र निम्मा कमानी आणि सभामंडपांना, असं दिसलं तर मत देताना मला ते पुरेसं आहे.

नोकरीवाल्यांनी ऑनलाइन करा. गावाकडे हाताने देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, अपिलात ती पोचच लागते.