ग्लोबल फॉरेस्ट वॉच : वर्षावनांचा जागता नकाशा

उष्ण कटिबंधातील वर्षावनांविषयी वाचताना एक अडचण नेहमी येते, ती म्हणजे आकडे इतके मोठे असतात की ते डोळ्यांसमोर उभेच राहत नाहीत. २०२४ या एका वर्षात या पट्ट्यातील सुमारे ६७ लाख हेक्टर प्राथमिक वन, म्हणजे पूर्वी कधी न तोडलेले जुने नैसर्गिक जंगल, नष्ट झाले, त्यातील जवळपास निम्मे आगींमुळे, हे वाक्य वाचून आपण हळहळतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. हा आकडा ज्या सेवेने प्रसिद्ध केला, ती ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’ ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भागीदार संस्थांसह २०१४ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ विनामूल्य आहे आणि नकाशा पाहण्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. इंग्रजीखेरीज ते स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, चिनी आणि इंडोनेशियाच्या भाषेत चालते, म्हणजे मोठी वर्षावने असलेल्या बहुतेक देशांतील वाचकाला त्याच्या ओळखीच्या भाषेत उपलब्ध आहे, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते.

या सेवेची खरी ओळख नकाशा जवळ आणल्यावरच होते. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यावर नेऊन पाहावे. बीआर-३६४ हा महामार्ग, त्यातून काटकोनात फुटलेले आडरस्ते आणि त्या प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेले जंगल, असा माशाच्या सांगाड्यासारखा आकार तिथे स्पष्ट दिसतो. तळाशी असलेली वर्षांची पट्टी २००१ पासून हळूहळू पुढे सरकवली, की झाडे नाहीशी झाल्याची खूण असलेले गुलाबी ठिपके आधी रस्त्यालगत उमटतात आणि मग आत पसरत जातात. हा प्रत्येक ठिपका जमिनीवरील सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकोनाचा असतो. रस्ता आधी येतो आणि तोड त्याच्या मागून येते, ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती, पण ती पटली या पट्टीमुळे. त्यानंतर मातो ग्रोसो राज्यातील शिंगू या आदिवासी क्षेत्राकडे जावे. १९६१ मध्ये राखीव झालेले हे क्षेत्र आज चहूबाजूंच्या शेतजमिनींमध्ये हिरव्या बेटासारखे उरले आहे आणि त्याची सीमा वेगळी आखून दाखवावी लागत नाही, कारण जंगल जिथे थांबते तिथेच ती आहे.

या हिरव्या बेटाचे महत्त्व मात्र नकाशावर पूर्णपणे दिसत नाही. अटलांटिककडून येणारी वाफ ॲमेझॉनवर पाऊस होऊन पडते, झाडे ते पाणी मुळांनी ओढून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात आणि वारा ती वाफ आणखी पश्चिमेकडे नेतो. एनिआस सलाती या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात पाण्यातील समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंच्या, अभ्यासातून दाखवून दिले, की ॲमेझॉन खोऱ्यातील जवळपास निम्मा पाऊस जंगलाने स्वतःच परत फिरवलेल्या पाण्याचा असतो. पुढे हीच वाफ अँडीज पर्वताला अडून दक्षिणेकडे वळते आणि हजारो किलोमीटर दूरच्या शेतीला पाऊस पुरवते. जंगल आणि दूरचा पाऊस यांचे हे नाते दाखवणारा थर, म्हणजे नकाशावर हवा तेव्हा चढवता येणारा माहितीचा पदर, ठळकपणे असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. कार्बनच्या बाबतीत सेवा अधिक समृद्ध आहे. वनांतून होणारे उत्सर्जन आणि वनांनी शोषलेला कार्बन, दोन्ही स्वतंत्रपणे पाहता येतात. काँगो खोऱ्याच्या मध्यभागी २०१७ मध्ये प्रथमच सविस्तर नकाशित झालेल्या दलदलीच्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत, सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठलेला आहे, हे ठाऊक असणाऱ्याला तर तिथला एखादा नवा ठिपकाही अस्वस्थ करतो.

ठिपके वाचताना मात्र सावध राहावे लागते. या सेवेची मूळ आकडेवारी मेरीलँड विद्यापीठाची असून ती वृक्षाच्छादन मोजते, म्हणजे पाच मीटरपेक्षा उंच झाडांचे छत. पाम तेलाची बाग किंवा रबराची लागवडही त्यात मोडते आणि अशी बाग नेहमीप्रमाणे कापली तरी ठिपका गुलाबीच होतो. मोजण्याची पद्धत २०११ पासून सुधारलेली असल्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ तुलना करू नये, असे संकेतस्थळावरच स्पष्ट लिहिलेले आहे, आणि हा प्रामाणिकपणा मला भावला. उपग्रहाला छताखालचे फारसे दिसत नाही, ही मर्यादा त्याहून खोल आहे. टॅपीर, टूकान, कोळीमाकड यांची शिकार झालेले जंगल वरून तितकेच हिरवे दिसते, पण मोठ्या बियांची झाडे पसरवणारे कुणी उरत नाही आणि पुढच्या पिढीतील जंगल कमी कार्बन धरून ठेवते.

इशाऱ्यांची सोय मला सर्वांत उपयुक्त वाटली. वर्षावनांवर महिनोन्महिने ढग असतात आणि साध्या छायाचित्रांना ते भेदता येत नाहीत. म्हणून नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाने सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडारवर आधारलेले इशारे तयार केले, तेही इथे मिळतात. विनामूल्य खाते उघडून हवा तो प्रदेश आखून ठेवला, की तिथल्या नव्या तोडीची सूचना ईमेलने येते. ‘फॉरेस्ट वॉचर’ हे मोबाइल ॲप तर आधी माहिती उतरवून घेतली की नेटवर्कशिवायही जंगलात चालते. पेरूच्या ॲमेझॉनमधील ७६ आदिवासी वस्त्यांवर झालेल्या एका प्रयोगात ३६ वस्त्यांना उपग्रहाचे इशारे, प्रशिक्षण आणि गस्तीचा मोबदला दिला गेला आणि पहिल्या वर्षी तिथली तोड इतर वस्त्यांपेक्षा लक्षणीय घटली. दुसऱ्या वर्षी हा परिणाम ओसरला. त्यावरून इतके नक्की समजते, की इशारा पोहोचल्यावर चालत जाऊन पाहणारा माणूस तिथे असावा लागतो.

शिक्षक, पत्रकार आणि पर्यावरणाचे विद्यार्थी यांना ही सेवा मी निःसंकोचपणे सुचवेन. प्रथमच वापरणाऱ्याने थरांची यादी पाहून गोंधळून जाऊ नये. आधी ‘प्राथमिक वन’ हा एकच थर चालू करावा, मग वृक्षाच्छादनातील घट त्यावर चढवावी आणि दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढेच ठिपके पाहावेत.