फोम बोर्ड : एका पावसाळ्यासकट दहा महिने

फेब्रुवारीत नाशिकच्या मेन रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून ५ मिलिमीटर जाडीचे चार फोम बोर्ड आणले. लेकीला शाळेसाठी जुन्या वाड्याची प्रतिकृती करायची होती. तेवढं काम झालं की बोर्डाचा आणि आपला संबंध संपला, असं वाटलं होतं. आता डिसेंबर सुरू आहे. या दहा महिन्यांत मी तीसेक बोर्ड कापले: एक वाडा, दोन मखरं (एक घरचं, एक जाऊबाईंचं), दिवाळीचे दोन आकाशकंदील आणि घरातल्या जवळपास प्रत्येक ड्रॉवरचे कप्पे. एवढ्या वापरानंतर सांगते, घरात बसून सरळ भिंतीचं, काटकोनातलं, हलकं काही करायचं असेल तर यासारखी दुसरी वस्तू मला सापडलेली नाही. पण दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात. पहिली आखणी, दुसरी हवेतला ओलावा.

आधी ओळख नीट करून घ्या, कारण दुकानात इथेच गल्लत होते. फोम बोर्ड म्हणजे दोन बाजूंना जाड गुळगुळीत कागद आणि मधे पॉलिस्टायरिनचा फोम. सनबोर्ड वेगळा. तो पीव्हीसीचा, आरपार एकाच पदार्थाचा, जड आणि पाण्याला न घाबरणारा. मी फोम बोर्ड मागितला तर मला एकदा सरळ सनबोर्ड बांधून दिला आणि घरी आल्यावर पातं चालेना तेव्हा कळलं. कडेला नख लावून बघा. कागदाचा पापुद्रा सुटतो तो फोम बोर्ड. फ्लॅटची नावाची पाटी, दुकानाचा बोर्ड, बाल्कनीत राहणारं काहीही करायचं असेल तर सनबोर्डच घ्या. बारीक खिडक्या, कमानी, दुमडणाऱ्या भिंती करायच्या असतील तर फोम बोर्ड.

आता आखणी. माझे बाबा सातपूरच्या एमआयडीसीत शीट मेटलच्या कामावर होते, आणि या सगळ्या प्रकरणात मला खरं शिकवलं ते त्यांनी. मी वाड्याआधी सराव म्हणून एक साधी पेटी केली. बाहेरून २० बाय १५ सेंटिमीटर हवी होती, म्हणून २० च्या दोन आणि १५ च्या दोन पट्ट्या कापल्या. चिकटवल्यावर पेटी २० बाय १६ झाली. बाबांनी ती हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "जाडी धरलीस का गं?"

जाडी धरणं म्हणजे काय, तर १५ ची पट्टी २० च्या दोन पट्ट्यांच्या मधे बसते, म्हणून दोन्हीकडची जाडी तिच्यातून वजा करायची. ५ मिलिमीटर दोन्हीकडून, म्हणजे ती पट्टी १४ ची हवी होती. ऐकायला किती सोपं आहे! पण वाड्यासारख्या कामात एकेका भिंतीला दोन-तीन भिंती येऊन मिळतात आणि कुठली भिंत कुणाच्या आत, कुणाच्या बाहेर हे कागदावर न ठरवता पातं उचललं की तिसऱ्या खोलीपर्यंत सगळं तिरकं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक तुकड्याला नाव देते, जोडाची बाजू बाणानं दाखवते आणि 'आत' की 'बाहेर' ते त्याच्यावरच पेन्सिलीनं लिहिते.

त्यांनी आणखी एक केलं. कपाटातून व्हर्निअर (बारीक मापं मोजायचं साधन) काढून माझ्या बोर्डाची जाडी मोजली. एका दुकानातला ५ चा बोर्ड ४.६ निघाला, दुसरीकडचा बरोबर ५. सुताराच्या भाषेत दोन्ही साधारण दीड सूतच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि एका पेटीला ०.४ मिलिमीटरनं काही बिघडत नाही. पण ड्रॉवरमधे सहा उभे कप्पे ओळीनं बसवले तेव्हा ०.४ सहा वेळा जमा होऊन जवळपास अडीच मिलिमीटरची फट राहिली आणि ड्रॉवर उघडला की सगळी रांग सरकायची. आता नवा बोर्ड आला की पहिल्यांदा त्याची खरी जाडी मोजून त्याच्याच कोपऱ्यात लिहून ठेवते. व्हर्निअर नसेल तर दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीनं मोजा आणि दहानं भागा.

कापण्याबद्दल. सुरुवातीला माझ्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या यायच्या. बोर्ड वाईट आहे असंच मी धरून चालले होते. दोष पात्याचा होता. फोम बोथट पात्यानं कापला जात नाही, फाटतो. ज्या कटरच्या पात्यावर तोडायच्या तिरक्या रेघा असतात तोच वापरा. ही तोडून नवं टोक काढायची कल्पना जपानमधे १९५६ साली ओल्फा कंपनीचे संस्थापक योशिओ ओकादा यांनी काढली आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचांवरून त्यांना ती सुचली असं सांगतात. आपण मात्र ते टोक तोडायला जिवावर आल्यासारखं करतो. मी आता आठ-दहा लांब काप झाले की टोक तोडते, काप चांगला येत असला तरी. १८ मिलिमीटरचं रुंद पातं सरळ लांब कापांना आणि ९ मिलिमीटरचं, त्यातही ३० अंशाच्या टोकाचं, खिडक्यांना. तुटलेली टोकं औषधाच्या जुन्या डबीत टाकते आणि डबी भरली की चिकटपट्टी गुंडाळूनच कचऱ्यात देते, कारण आपला कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं.

एका दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिला हात फक्त वरचा कागद चिरण्यापुरता, अगदी हलका. दुसरा फोममधून. तिसरा खालच्या कागदातून. पातं उभं धरलं तर फोम ओढला जातो. ते आडवं, कागदाशी साधारण ३० ते ४० अंशात झुकलेलं असावं, मात्र डावी-उजवीकडे जराही कलता कामा नये, नाहीतर कड तिरपी येते आणि जोडाला फट पडते. पट्टी स्टीलचीच. प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं खातं, मग पुढचे सगळे काप वाकडे. आणि पट्टी नेहमी कामाच्या तुकड्यावर ठेवायची, टाकाऊ भागावर नाही. हात घसरला तर पातं टाकाऊ भागात जातं. लेक आता सातवीत आहे. आखणी, मोजणी, चिकटवणं सगळं तिचं, पातं मात्र अजून माझ्याच हातात.

वाड्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण या बोर्डाची खरी ताकद मला तिथे दिसली. पंचवटीत आणि जुन्या नाशकात असे वाडे आता मोजकेच उरले आहेत आणि लेकीनं त्यातला एक आतून पाहिला होता, म्हणून तिला चौक, ओसरी, माजघर सगळं हवं होतं. आम्ही १:५० हे प्रमाण धरलं. म्हणजे १५ मीटर बाय १२ मीटरचा वाडा टेबलावर ३० बाय २४ सेंटिमीटरचा. या प्रमाणात ५ मिलिमीटरचा बोर्ड म्हणजे २५ सेंटिमीटरची भिंत. जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीला ती फारच बारीक दिसली, म्हणून बाहेरच्या भिंती दोन बोर्ड चिकटवून केल्या आणि आतल्या एकेरी ठेवल्या. प्रमाण आधी ठरवलं की अशी उत्तरं आपोआप मिळत जातात.

खिडक्यांची युक्ती: चारही कोपरे टाचणीनं आरपार टोचून घ्यायचे आणि काप कोपऱ्यापासून मधाकडे आणायचा, कोपऱ्याच्या पुढे कधी जाऊ द्यायचा नाही. अर्धा काप पुढून, अर्धा मागून. भिंतीच्या कोपऱ्यात फोमची पांढरी कड दिसू नये म्हणून एका भिंतीच्या टोकाला जाडीएवढा फोम आणि आतला कागद काढून टाकायचा, बाहेरचा कागद तसाच ठेवायचा. तो कागद दुसऱ्या भिंतीची कड झाकून घेतो. हा खाचेचा कोपरा. हे पहिल्या पाच-सहा प्रयत्नांत बिघडतं, बाहेरचाही कागद कापला जातो. सातव्याला जमतं, आणि जमल्यावर तो कोपरा इतका देखणा येतो की बाबांनी त्यावरून दोनदा अंगठा फिरवला. कौलं मात्र फोम बोर्डाची केली नाहीत. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली पन्हळी मोकळी होते, तिला गेरूचा रंग दिला.

मखराचं गणित वेगळं, आणि तिथे मी इंचात फसले. मखर म्हटलं की आपल्या तोंडात दोन फूट येतं. ए-वन बोर्ड मात्र ५९.४ बाय ८४.१ सेंटिमीटरचा असतो आणि दोन फूट म्हणजे ६०.९६. दीड सेंटिमीटर कमी! आखणी कागदावर होती म्हणून नुसतं खोडरबर लागलं. मग सगळं सेंटिमीटरमधे पुन्हा मांडलं. मागची भिंत ५८ बाय ७५, एक बोर्ड. बाजूच्या दोन भिंती प्रत्येकी २९ बाय ७५, शेजारी-शेजारी ठेवल्या की दुसरा बोर्ड. तिसऱ्यात ५७ बाय २९ चे दोन थर बैठकीला (५७ कारण बैठक बाजूच्या भिंतींच्या मधे बसते, जाडी धरली!) आणि उरलेल्या २६ सेंटिमीटरच्या पट्टीत पुढची कमान. तीन बोर्डांत अख्खं मखर, तुकडे जवळजवळ वाया नाहीत. शाडूची मूर्ती जड असते आणि फोम एका जागी भार आला की दबतो, म्हणून बैठकीवर लाकडी पाट ठेवून त्यावर मूर्ती बसवली. खांबांना गोलाई हवी होती. तिथे एका बाजूचा कागद आणि फोम दर ५ मिलिमीटरवर चिरायचा, दुसऱ्या बाजूचा कागद अखंड ठेवायचा. बोर्ड चटईसारखा वळतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मखरं थर्माकोलवरून हटली आणि त्यानंतर हा बोर्ड काही ठिकाणी "कागदाचाच आहे, पर्यावरणाला चालतो" असं सांगून विकला जातो. मधला फोम पॉलिस्टायरिनच आहे, थर्माकोलही त्याच पदार्थाचं. तो कुजत नाही. म्हणून आमचं मखर विसर्जनानंतर टाकायचं नाही असं ठरवूनच आखलं: भिंतींच्या जोडाला डिंक न लावता मागून कापडी टेपच्या बिजागऱ्या, कमान वेल्क्रोवर. ते आता सपाट घडी होऊन पलंगाखाली आहे. दरवर्षी नवं मखर करून जुनं फेकणार असाल तर कृपा करून पुठ्ठा वापरा.

आता पावसाळा. उन्हाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेले सहा बोर्ड जुलैत काढले तर सगळे धनुष्य झालेले. बाहेर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला (पुराची उंची आम्ही त्यावरूनच सांगतो) पाणी किती लागलं याच्या बातम्या, आणि घरात कागदाच्या एका बाजूनं हवेतली ओल प्यायलेली. त्यातले दोन वजनाखाली आठवडाभर ठेवून सुधारले, चार शेवटपर्यंत वाकडेच राहिले आणि बारीक तुकड्यांच्या कामी आले. आता बोर्ड आडवे, प्लास्टिकमधे गुंडाळून, गादीखाली. जूनमधे लागतील तेवढेच आणते, साठा करत नाही. आणतानाही एक: ए-वन बोर्ड स्कूटरवर उघडा आणू नका. माझा मुंबई नाक्यापर्यंत येईतो वाऱ्यानं मधे मोडला. दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे बांधून घेतला तरच टिकतो, नाहीतर ए-टू, म्हणजे ए-वनच्या निम्मा, घ्या.

रंग म्हणजेही ओलावाच. एकाच बाजूला अॅक्रिलिक दिला की बोर्ड त्या बाजूला ओढला जातो, म्हणून मागच्या बाजूलाही एक हात द्यायचा. स्प्रे पेंटनं माझ्या पहिल्या कमानीच्या उघड्या कडा डोळ्यांदेखत वितळल्या. त्यातला द्राव फोम खातो. कडांना आधी पातळ फेविकॉलचा हात देऊन तो पूर्ण वाळवला की मग रंग. चिकटवायला फेविकॉलच उत्तम, फक्त टाचण्या आणि मास्किंग टेप लावून रात्रभर थांबायची तयारी हवी. ग्लू गन घाईला बरी, पण कमी तापमानाची. जास्त गरम गनचा डिंक फोममधे खड्डा करतो. आकाशकंदिलातही म्हणूनच फक्त एलईडी.

३ मिलिमीटरचा बोर्ड मी फक्त कंदिलाला आणि १:१०० च्या छोट्या नमुन्यांना वापरते, त्याला खाचेचा कोपरा नीट येत नाही. कापायचा हिरवा मॅट घेणार असाल तर एकदम ए-टू घ्या आणि तो गच्चीवर, उन्हात विसरू नका. माझा एप्रिलमधे एका दुपारीत लाटेसारखा झाला आणि मग दोन महिने मी वाकड्या बोर्डाच्या पाठीवरच कापत होते. तीन सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात जातात. या आठवड्यात त्यातूनच लेकीनं वाड्याच्या चौकातलं तुळशीवृंदावन नव्यानं केलं. पहिलं जाडी न धरता केलेलं होतं, ते तिला दहा महिने खुपत होतं.