नाजूक अंगासाठी डायलेटर सेट आणि छोटा व्हायब्रेटर: इंदूरला मागवला, वापरला, आता सांगतेय

आधी निकाल सांगून टाकते. डायलेटर सेट घ्या, व्हायब्रेटर घेतला तर चांगलाच आहे पण नाही घेतला तरी अडत नाही, आणि पार्सलमध्ये फुकट येणारं ल्युबचं, म्हणजे घर्षण कमी करायला लावायच्या जेलचं, पाकीट उघडूच नका. आता सविस्तर लिहिते, कारण ज्यांना खाली जरा काही वेगळं लागलं की जळजळ सुरू होते अशा बायकांनी नेमकं काय बघून घ्यायचं हे मला मराठीत कुठे धड सापडलं नाही, आणि इंग्लिश रिव्ह्यू वाचायला घेतले तर तिथे पॉवर किती, मोड किती, बॅटरी किती चालते एवढंच. आपल्याला मोड नकोत हो, आपल्याला दुखायला नको.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे तुलना करता येईल. चाळिशी ओलांडली आहे, त्वचा लहानपणापासून नाजूक, सेंटवालं पॅडसुद्धा चालत नाही. त्यात कोरडेपणा वाढला आणि गायनॅकने तपासून सांगितलं की व्हजायनिस्मस आहे, म्हणजे आत काही जाणार असं वाटलं तरी स्नायू आपोआप आवळून घेतात, आपण ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवताही येत नाही. फिजिओने डायलेटर सुचवले. डायलेटर म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या मापाच्या गुळगुळीत नळ्या, शरीराला हळूहळू सवय व्हावी म्हणून. औषधोपचाराचीच वस्तू आहे, पण मिळते मात्र सेक्स टॉय विकणाऱ्या साइटवर आणि त्यामुळे बायका विचारायलाच लाजतात.

मी आधी दवा बाजारात गेले, आरएनटी मार्गावर, कारण इंदूरमध्ये औषधाचं जे कुठे मिळत नाही ते तिथे मिळतं असं आपण सगळे धरून चालतो. एका सर्जिकलवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आतून स्टीलच्या दांड्यांचा डबा आणून ठेवला. ते हेगर डायलेटर, डॉक्टर लोक गर्भाशयाचं तोंड उघडायला ऑपरेशनच्या वेळी वापरतात ते. घरी वापरायची वस्तूच नव्हे ती! कुणी चुकून घेऊन जाऊ नका म्हणून मुद्दाम लिहितेय. दुसऱ्या एका मेडिकलवर दुखतंय म्हटल्यावर लिग्नोकेनची जेली पुढे केली, "दीदी, इससे कुछ पता ही नहीं चलेगा." अहो, तेच तर नकोय ना. बधिर केल्यावर दुखणं कळत नाही, आणि दुखणं कळलं नाही की आपण नको तेवढं पुढे जातो आणि आत खरचटतं. डॉक्टरने खास कारणासाठी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी, स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

मग ऑनलाइन. इथे एक गोष्ट समजून घ्या, बहुतेक ठिकाणी लिस्टिंगवर नुसतं "बॉडी मसाजर" किंवा "पर्सनल वेलनेस" लिहिलेलं असतं. त्यामागे कायद्याची भीती आहे. आपल्याकडे या वस्तूंसाठी वेगळा असा कायदा नाही, पण अश्लीलतेचं कलम आहे, पूर्वी आयपीसीचं २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २९४. मार्च २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टात कस्टम्सचं असंच प्रकरण आलं होतं, हे मसाजर सेक्स टॉय म्हणूनही वापरता येतील म्हणून माल अडवला होता, कोर्टाने ते काही मान्य केलं नाही. म्हणजे मसाजर म्हणून विकणं चालतं, पण होतं काय की मसाजर म्हटल्यावर विकणारा हे लिहीतच नाही की ही वस्तू आत वापरायला सेफ आहे का, मटेरियल कुठलं, रंग कसला. पाठीला लावायच्या वस्तूला ते लिहायची गरज नसते ना! आणि इथेच आपल्यासारख्या नाजूक अंगाच्या बाईचं नुकसान होतं. म्हणून मी ज्या साइटवरून घेतलं तिथे आधी चॅटवर तीन प्रश्न टाकले, पूर्ण सिलिकॉन आहे की नुसता वरचा थर, प्लॅटिनम क्युअर, म्हणजे जास्त शुद्ध प्रकारचं सिलिकॉन, आहे का, आणि आयएसओ ३५३३ प्रमाणे टेस्ट केलंय का. हे ३५३३ म्हणजे अशाच वस्तूंच्या सेफ्टीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, २०२१ मध्ये आलं. पहिल्या दोनची उत्तरं नीट आली, तिसऱ्याला "टीमशी बोलून सांगतो" आणि पुढे काही नाही. दुसऱ्या एका साइटने तर पहिल्या प्रश्नालाच "मॅडम बेस्ट क्वालिटी है" एवढं लिहिलं, तिथे मी पैसे टाकलेच नाहीत. मटेरियल विचारल्यावर जो क्वालिटी सांगतो त्याच्याकडून या जागेसाठी काहीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मटेरियलवर मी एवढी का अडून बसते तर स्वस्तात जे पारदर्शक, लिबलिबीत, जेलीसारखं मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं आणि ते मऊ करायला थॅलेट्स नावाची, अंगात जाऊ नयेत अशी रसायनं घालतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्ये अशा वस्तू तपासून घेतल्या होत्या, त्यात थॅलेट्स सापडले होते. टीपीई, म्हणजे रबरासारखं मऊ प्लास्टिक, त्यापेक्षा बरं, पण त्याला बारीक छिद्रं असतात, कितीही धुतलं तरी आत जंतू राहू शकतात, ज्यांना वारंवार फंगल होतं त्यांनी त्याच्या नादी लागू नये आणि घरात आधीपासून असेलच तर वर कंडोम चढवून वापरावं, लेटेक्सची ॲलर्जी असेल तर पॉलीआयसोप्रीनवाला. सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच, स्टील, हे बिनछिद्रांचं. काचेबद्दल लोक घाबरतात पण घर्षण सगळ्यात कमी तिचंच, कोमट पाण्यात ठेवून थोडी गरम करता येते, फक्त कुठे टवका उडालाय का ते दरवेळी उजेडात बघायचं. माझ्यासारखी स्नायू आवळून घेणारी बाई असेल तर मात्र कडक वस्तूने सुरुवात नको, तिथे मऊ सिलिकॉनच.

पार्सल साधं खाकी खोकं, वर कंपनीचं काहीतरी सामान्य नाव. आमच्या राजेंद्र नगरच्या बिल्डिंगमध्ये खाली वॉचमनकडे पार्सल ठेवायची पद्धत आहे, त्यात कुणाला काही कळायचा प्रश्नच आला नाही. उघडल्यावर मी पहिल्यांदा वास घेतला. वास नाही. हे महत्त्वाचं आहे, नव्या रेनकोटसारखा वास आला तर तिथेच परत पाठवायचं. मग सगळ्यात छोटी नळी कागदावर रात्रभर ठेवली, तेलकट डाग उमटला नाही. मग शिवण. साच्यातून काढताना कडेने एक बारीक रेघ राहते, बोटाला ती कळतही नाही, पण मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा ओठावरून हळू फिरवली की लगेच कळते, आणि बोटाला न कळणारी रेघ नाजूक जागी ब्लेडसारखी लागते. या सेटमध्ये पहिल्या चार मापांना शिवण जवळजवळ नाही. पाचव्याला तळाशी थोडी आहे, पण ती बाहेर राहणाऱ्या भागात.

माप बघताना लांबीकडे बघू नका, जाडी बघा. लिस्टिंगवर लांबी मोठ्या अक्षरात आणि जाडी कुठेतरी कोपऱ्यात असते, कधी घेर देतात कधी व्यास, त्यात गोंधळ होतो, घेर असेल तर ३.१४ ने भागा म्हणजे व्यास मिळतो. सगळ्यात छोटं माप आपल्या करंगळीएवढं किंवा त्याहून बारीक असायला हवं. आणि दोन मापांतला फरक कमी हवा. माझ्या सेटमध्ये तिसऱ्यापासून चौथ्यावर एकदम उडी आहे, मधलं एक माप असतं तर पुष्कळ सोपं गेलं असतं, ही या सेटची खरी उणीव. धरायला मागे रिंग आहे ती मात्र फार छान, ज्यांचे हात-मनगट दुखतात त्यांनी रिंगवालाच बघावा.

व्हायब्रेटर छोटा, बाहेरून वापरायचा, तळहातात मावतो. मोटर दोन तऱ्हेच्या असतात, एक वरच्यावर झिणझिण करते, एक खोल घुमते. झिणझिणवाली नाजूक त्वचेला काही मिनिटांत बधिर करते आणि नंतर चुरचुरतं. हा बऱ्यापैकी घुमणारा आहे, पण सगळ्यात खालचा स्पीडसुद्धा सुरुवातीला मला जास्तच वाटला. उपाय सोपा आहे, पातळ मऊ सुती कापडावरून लावायचा, आणि नेमक्या जागी नाही तर बाजूला, मांडीच्या आतल्या भागावर, पोटाखाली, शरीराला आधी ओळख होऊ द्यायची. स्पीड वाढवायला आणि कमी करायला वेगवेगळी बटणं आहेत का तेही बघा, एकच बटण असेल तर कमी करायला सगळे मोड फिरून यावं लागतं आणि तेवढ्यात नको ते होऊन बसतं. यात दोन आहेत, त्यासाठी पूर्ण मार्क. आवाज दार लावलं की बाहेर येत नाही, घरात सासूबाई आणि मुलं असतात म्हणून हे लिहिणं मला आवश्यक वाटलं. आयपीएक्स-सात आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो, नळाखाली निर्धास्त धुता येतो. चार्जर मॅग्नेटवाला आहे, पेसमेकर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय असलं काही घेऊ नका.

आता ल्युब, आणि इथे मला खरंच राग आला. नाजूक त्वचेसाठी म्हणून सेट विकताय, आणि सोबत "वॉर्मिंग" ल्युबचं पाकीट फुकट देताय? मागे वाचलं तर मेन्थॉल, सुगंध, ग्लिसरीन, सगळं हजर. आमच्यासारखीने ते लावलं असतं तर रात्रभर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसावं लागलं असतं आणि दोष मात्र डायलेटरला दिला असता. बायांनो, निम्मं दुखणं वस्तूचं नसतं, ल्युबचं असतं. योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५, त्यामुळे ल्युबही ४.५ च्या आसपासचा हवा. दुसरं म्हणजे ऑस्मोलॅलिटी, ल्युब फार दाट द्रावण असेल तर ते आपल्याच पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि लावल्यावर ओलं वाटलं तरी नंतर आणखी कोरडं पडतं, आतलं नाजूक अस्तर सोलवटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सांगून ठेवलंय की ही ३८० च्या आत असली तर उत्तम आणि १२०० च्या वर तर नकोच. आपल्याकडच्या बाटल्यांवर हा आकडा क्वचित छापतात, म्हणून सोपा मार्ग, घटकांची यादी वाचा आणि ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल पहिल्या दोन-तीनात असेल तर बाटली खाली ठेवा. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं ल्युब लावू नये, पृष्ठभाग खराब होऊ शकतो, पाण्याचंच घ्या. घरोघरी खोबरेल सुचवतात, मलाही मोठ्या जाऊबाईंनी तेच सांगितलं, पण लेटेक्स कंडोम वापरत असाल तर तेलाने तो फाटतो, त्यामुळे तिथे नकोच. नवीन ल्युब आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघायची, मग बाहेरच्या त्वचेवर, मग आत. कंटाळवाणं आहे खरं पण करा.

धुण्याचं एवढंच, बिनवासाचा सौम्य साबण आणि पाणी, डेटॉल वगैरे काही नाही. मोटर नसलेलं पूर्ण सिलिकॉन पाच मिनिटं उकळता येतं, मी एक वेगळं पातेलं ठेवलंय. पूर्ण वाळवून सुती पिशवीत, दुसऱ्या मऊ वस्तूला चिकटून नाही.

वापरताना एक नियम फिजिओने घालून दिलाय तो सगळ्यांना लागू पडेल, थोडा दाब आणि ताण चालतो, टोचणं, जळणं, फाटल्यासारखं वाटणं चालत नाही. तसं झालं की थांबायचं, लांब श्वास, मागचं माप. रक्त आलं, त्वचेवर पांढरे चट्टे दिसले, किंवा बाहेरून नुसता कापूस लागला तरी आग होते असं असेल तर कुठलाही सेट मागवायच्या आधी गायनॅककडे जा, कारण लायकेन स्क्लेरोसस (पांढऱ्या चट्ट्यांचा त्वचारोग) किंवा व्हल्व्होडिनिया (बाहेरच्या भागाचं सततचं दुखणं किंवा आग) असेल तर उपचार वेगळे आहेत. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाला इस्ट्रोजेनचं लावायचं क्रीम डॉक्टर लिहून देतात, त्याने पुष्कळ बायकांना वस्तूपेक्षा जास्त आराम पडतो. ओटीपोटात रेडिएशन झालेल्यांना डायलेटर डॉक्टर स्वतःच सांगतात, कधी सुरू करायचं तेही त्यांनाच विचारा. डायबिटीसवाल्यांनी संवेदना कमी झाली असेल तर आरशात बघून तपासत जावं. आणि नवऱ्याशी बोलून ठेवा, आमच्या यांनी सुरुवातीला एवढंच विचारलं की मी खोलीत थांबू की बाहेर जाऊ, आणि खरं सांगते त्या प्रश्नाने मला फार हलकं वाटलं.

परत करण्याची सोय सील उघडेपर्यंतच आहे, जी या वस्तूंना असायलाच हवी, नाहीतर आपल्यालाही कुणाची तरी उघडलेली येईल. म्हणून वास, शिवण वगैरे तपासायचं असेल तर खराब निघाल्यास काय करणार हे ऑर्डरच्या आधीच चॅटवर लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा, मी घेतलाय. पैसे साडेतीन हजारांच्या आत गेले दोन्हीचे मिळून, जेलीवालं याच्या पाव किमतीत येतं हे खरं, पण त्यानंतरच्या फंगलच्या औषधांचा आणि डॉक्टरच्या फीचा हिशोब मांडला तर ते स्वस्त राहत नाही.

सेटला पाचपैकी चार, तो एक मार्क तिसऱ्या-चौथ्यातल्या उडीसाठी कापलाय. व्हायब्रेटरला साडेतीन. दुकानाला तीन, पॅकिंग आणि पहिल्या दोन उत्तरांसाठी, बाकीचे ल्युबच्या पाकिटामुळे गेले. नाजूक त्वचेच्या सेटमध्ये हे पाकीट टाकणं बंद करा असं त्यांना लिहिलंय, घटकांचा फोटो पण जोडलाय, उत्तर आलं की इथेच खाली टाकते.