जुनं ओ.एस. मॅक्स ४० एफपी: आधी टाकी उघडा

माझ्या जुन्या सिग कॅडेट या रेडिओ कंट्रोल मॉडेल विमानासाठी हे साडेसहा सीसीचं जपानी ग्लो इंजिन (तापलेल्या प्लगच्या तारेनं इंधन पेटवणारं) सेकंडहँड घेतलं. विकणारा म्हणाला, "लोण्यासारखं फिरतं." हातात आलं तर क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) जागचा हलेना. आत इंधनातलं वंगणाचं एरंडेल सुकून लाखेसारखं बसलेलं. गाडीच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तापवत ठेवलं तेव्हा कुठे सुटलं. (ते पातेलं आता स्वयंपाकाला बाद. कूलंट विषारी असतं.)

१० बाय ६ चा प्रॉप (पंखा, व्यास १० इंच आणि पिच ६ इंच) लावला, जमिनीवर सुरेख चाललं. हवेत नाक वर केलं की मात्र दम तोडायचं. सलग तीन रविवार इंजिन बंद पडलेलं विमान गवतातून उचलून आणलं. मैदानावर सल्ल्यांना तोटा नसतो: कार्ब (कार्ब्युरेटर) बदला, इंधनातलं नायट्रोमिथेन वाढवा, प्लग बदला. प्लगवर पैसे घातले, फरक शून्य.

शेवटी टाकी काढली, पाण्याच्या बादलीत बुडवून फुंकली. बुडबुडे नाहीत. मग झाकण उघडून आतली क्लंकची (टोकाला वजन असलेली, इंधन ओढणारी) नळी ओढून पाहिली, तर पितळी नळीच्या तोंडाशी सिलिकॉनला चीर! टाकी भरलेली असताना ती इंधनात बुडून राहायची. नाक वर गेलं की इंधन मागे सरकायचं, चीर उघडी पडायची आणि कार्बला हवा मिळायची. पितळेची धार कानशीनं मोडली, नवी नळी घातली, क्लंक मागच्या भिंतीला टेकणार नाही एवढी आखूड ठेवली. टाकी स्पंजवर चढवून नीडलच्या (कार्बमधल्या इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) रेषेत आणली. मफलरचा दाब टाकीला दिलेला होताच. आता विमान हातात उभं धरून पूर्ण थ्रॉटल दिला तरी आवाज उतरत नाही.

इंधन साधंच: ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. क्रँकला बॉल बेअरिंग नाही, साधा बुश आहे, म्हणून एरंडेलात काटकसर करत नाही. माझ्या नगात निकेल चढवलेला पितळी लायनर (सिलिंडरची आतली नळी) आहे. थंड असताना पिस्टन वर अडकल्यासारखा वाटतो, पण तापला की बरोबर बसतो. तो पॉलिश पेपरनं घासून 'मोकळा' करणारे महाभाग पाहिलेत. त्या इंजिनात पुढे कॉम्प्रेशन उरत नाही.

दिलेल्या पैशांत मला हे इंजिन महाग वाटलं नाही. नीडल प्रॉपच्या फार जवळ आहे, बोटं सांभाळा. मफलरचा लांब बोल्ट दर दोन-तीन फ्लाइटनंतर ढिला होतो, म्हणून पाना खिशातच असतो.