एसी-हीटिंगचं काम: अधिकृत डीलरला द्यावं की स्वतंत्र कंत्राटदाराला?

व्यावसायिक इमारतीसाठी कोटेशन मागवली की सहसा दोन प्रकारची मंडळी येतात: एकाच कंपनीचा अधिकृत डीलर आणि कुठल्याही कंपनीची यंत्रं बसवणारा स्वतंत्र कंत्राटदार. कोण बरा, हे आधी यंत्रणेवर ठरतं.

व्हीआरएफ (बाहेरच्या एका यंत्रावर गॅसच्या पाइपने जोडलेली आतली अनेक यंत्रं) असेल तर डीलरचं पारडं जड. पाइपची लांबी, जॉइंट, जादा गॅस हा हिशेब कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून निघतो. बिघाडाचा कोड उलगडणं आणि पीसीबी (यंत्राचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) मिळवणंही त्याला सोपं. चिलर (पाणी गार करणारं यंत्र), बॉयलर, एएचयू (पंखा आणि कॉइल असलेली हवा गार-गरम करणारी पेटी), पंप, डक्ट (हवा वाहून नेणारा मार्ग) असं मिश्र काम असेल तर स्वतंत्र कंत्राटदार बरा. तिथली बरीच दुखणी यंत्राबाहेरची असतात, आणि ‘आमचं मशीन ठीक आहे’ म्हणून डीलर मोकळा होतो.

टनेज, म्हणजे यंत्राची थंड करण्याची क्षमता, नुसत्या क्षेत्रफळावरून सांगणारे दोन्हीकडे आहेत. काचा कुठल्या दिशेला, माणसं किती, उपकरणं किती, बाहेरची ताजी हवा किती, असा हीट लोडचा (किती उष्णता काढावी लागेल त्याच्या हिशेबाचा) कागद मागा. एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॉट. ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून मोठं यंत्र घेतलं, तर तापमान चटकन उतरतं, कॉम्प्रेसर वरचेवर बंद-चालू होतो आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो.

खरा फरक पाइपच्या कामात. ब्रेझिंग (धातू वितळवून सांधे जोडणं) करताना तांब्याच्या नळीतून नायट्रोजन सोडत राहावा लागतो, नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा प्रवाह आवरणाऱ्या झडपेत) अडकते. मग नायट्रोजन भरून दाबाची चाचणी. व्हीआरएफला ती 24 तास. त्यानंतर पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (निर्वात मोजण्याचं एकक) खाली. पंप झडपेने वेगळा केल्यावर आकडा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती. ओल राहिली की तेलात आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगवर बेततं. हे काम डीलरही अनेकदा पोटकंत्राटदाराकडून करून घेतात, तेव्हा पाइपला हात लावणारी माणसं कोणाची, हे दोघांनाही विचारा. स्वतंत्र कंत्राटदाराकडे मायक्रॉन गेजच नसेल, तर तो कितीही स्वस्त असो, व्हीआरएफ त्याला देऊ नये.

डक्टच्या कामात प्रत्येक ग्रिलची (हवा बाहेर येणाऱ्या जाळीची) हवा मोजून ठरलेल्या प्रवाहाच्या 10 टक्के आतबाहेर बसवून देणार का, हे लेखी घ्या. एएचयूच्या ड्रेनला यू-ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा यू आकाराचा पाइप) कोटेशनमध्ये आहे का, तेही बघा. क्षुल्लक वाटतं, पण कॉइलनंतर पंखा असलेल्या एएचयूमध्ये ट्रॅप नसला तर पंख्याच्या ओढीने पाणी ट्रेमध्येच अडतं आणि छतातून टपकतं.

देखभाल करारात डीलरचा दर बहुधा चढा. त्यात कॉम्प्रेसर, पीसीबी आणि गॅस धरलेत की नुसती मजुरी, हे पाहूनच तुलना करा. निवड कोणाचीही होवो, शेवटचा हप्ता दाब, व्हॅक्यूम आणि हवेच्या नोंदी हाती पडल्यावरच द्यायचा, ही अट वर्क ऑर्डरमध्येच घाला.