वाइन पुरस्कारांचं जेवण, इंदूर

माझं माहेर नाशिकचं, त्यामुळे इंदूरच्या हॉटेलातल्या या वाइन पुरस्कारांच्या जेवणाला पैठणी नेसून हौसेनं गेले. सुरुवातीलाच भुट्ट्याचा कीस आणि बरोबर थंडगार शेनिन ब्लाँ, म्हणजे व्हाइट वाइन! दुधात शिजलेल्या मक्याचा गोडवा, वरून पिळलेलं लिंबू, हिरवी मिरची, सगळं त्या आंबूस घोटानं खुलवलं. ही जोडी ज्यानं लावली, त्यालाच पहिला पुरस्कार द्यायला हवा होता. शिराझ ही रेड वाइन मात्र चक्क कोमट आली. रेड १६ ते १८ अंशांना द्यायची असते, एवढं तरी पाळायचं ना! भाषणं लांबली, बाफले (बाटीसारखे कणकेचे गोळे) गार झाले. विजेत्या बाटल्या शेवटी सगळ्यांना चाखायला दिल्या, हे फार आवडलं. तिकीट महाग, पण वसूल. पुढच्या वेळी रेड आधी जरा गार करून ठेवा.